गव्हाचा चीक आणि कँटनची न्याहारी

उन्हाळा लागला की खानदेशात घरोघरी गहू भिजत पडतो. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग तो फुगलेला, आंबूस वासाचा गहू वाटायचा, फडक्यातून गाळायचा, चोथा बाजूला काढायचा आणि पांढरं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. हिंग-मिठाच्या उकळत्या पाण्यात तो सोडून खांदे भरून येईपर्यंत घोटला, की काही मिनिटांपूर्वीचा खडूइतका पांढरा चीक चकचकीत होतो, त्याच्यातून उजेड दिसू लागतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठल्याही गल्लीत कुरडयांचा साचा भरण्याआधी मुलं वाट्या घेऊन चुलीपाशी येतात. गरम चिकावर कुणी तेल घेतं, कुणी दूध-साखर.

हे प्रकरण डिमसमबद्दल, म्हणजे दक्षिण चीनमध्ये चहाबरोबर खायच्या लहान पदार्थांबद्दल आहे आणि त्याची सुरुवात कुरडयांपासून करण्याला भक्कम कारण आहे. डिमसमच्या टेबलावरचा सगळ्यात नाजूक मानला जाणारा पदार्थ म्हणजे हार गाउ, कोळंबीचं सारण भरलेली, फिक्या गुलाबी रंगाची, आतलं सारण बाहेरून दिसेल अशी वाफवलेली करंजी. तिचं आवरण ना मैद्याचं, ना तांदळाच्या पिठाचं. ते गव्हाच्या चिकाचं असतं. आपल्या आया-आज्या जो पदार्थ चैत्र-वैशाखात पातेल्याच्या तळाशी बसवतात, तोच. त्यामुळे चायनीज हॉटेलात पहिल्यांदा बांबूची टोपली समोर आल्यावर नंदुरबारच्या माणसाने बुजून जाण्याचं कारण नाही. त्या टोपलीतलं निम्मं शास्त्र त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

गव्हात मुख्यतः दोन गोष्टी असतात: पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि ग्लुटेन हे चिवट प्रथिन. पोळीची कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे. कुरडयांसाठी गहू भिजवून, आंबवून, गाळून आपण ग्लुटेन चोथ्याबरोबर बाहेर काढतो आणि पिष्ट ठेवतो. चिनी स्वयंपाकी तेच काम वेगळ्या वाटेने करतात. कणकेचा गोळा पाण्यात चोळून चोळून धुतात. पिष्ट पाण्यात उतरतं, हातात रबरी गोळा उरतो. तो गोळाही वाया जात नाही. बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात त्या ग्लुटेनचे तुकडे मांसाच्या जागी वापरण्याची परंपरा जुनी आहे. पाण्यात उतरलेलं पिष्ट वाळवलं की हार गाउचं पीठ तयार. त्यात थोडं टॅपिओकाचं पिष्ट मिसळतात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कसाव्याचं. त्याने आवरणाला थोडी लवचीक ओढ येते.

आता अडचण अशी की ग्लुटेन काढून टाकलेल्या पिठाची पारी लाटता येत नाही, ते फुटतं. यावरचा उपाय कोकणातल्या आणि देशावरच्या बायकांना चांगला माहीत आहे, कारण उकडीच्या मोदकाची अडचण अगदी हीच आहे. तांदळाच्या पिठातही ग्लुटेन नसतं. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून आधी उकड काढतात. गरम पाण्यात पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि ग्लुटेनचं काम काही वेळापुरतं करून दाखवतात. हार गाउच्या पिठावरही खदखदतं पाणीच ओततात आणि हाताला चटके बसत असतानाच मळतात. पारी लाटण्यानेही करत नाहीत. रुंद पात्याच्या सुरीला तेलाचं बोट लावून, पातं आडवं धरून, लहान गोळीवर दाबत फिरवतात. एका फिरवण्यात पातळ चकती तयार होते. मग एका बाजूने चुण्या. डिमसमचं माहेर असलेल्या कँटन शहराच्या स्वयंपाकघरांत किमान सात चुण्यांची अपेक्षा असते, आणि कसलेला हात दहाच्या पुढे जातो. मोदकाच्या कळ्या मोजणाऱ्या सासूबाईंना या परीक्षेत नवल वाटणार नाही.

चांगलं हार गाउ ओळखायचं कसं? आवरण टोपलीतल्या कागदाला चिकटून फाटता कामा नये. चॉपस्टिकने उचलल्यावर ते लोंबलं नाही पाहिजे. दाताखाली किंचित ताण देऊन तुटावं, पिठूळ लागू नये. आतली कोळंबी कुरकुरीत लागली पाहिजे. त्यासाठी ती सोलून थंड पाण्याच्या धारेखाली बराच वेळ धुतात. सारणात बांबूच्या कोवळ्या कोंबाचे बारीक तुकडे असतात. हा कोंबही परका नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या सीमेपलीकडे डांगच्या जंगलात त्याची भाजी होते आणि लोणचंही घालतात.

मोमो हल्ली लहान शहरांच्या चौकांतही दिसतात आणि डिमसम म्हणजे मोमोचंच महागडं रूप, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. मोमोची पारी मैद्याची, ग्लुटेन धरून ठेवणारी, भरपूर मळलेली. तिबेट-नेपाळच्या थंडीत पोट भरण्यासाठी जन्मलेला तो पदार्थ, आणि त्या कामात तो उत्तम आहे. डिमसम हा एक पदार्थच नाही. ती चहाबरोबर खायच्या शेकडो लहान पदार्थांची पंगत आहे. त्यात वाफवलेलं, तळलेलं, भाजलेलं, शिजवलेलं, गोड, खारट सगळं येतं. मोमोसारखी दिसणारी पुरचुंडी त्या पंगतीतली फक्त एक.

या पंगतीचं गाव म्हणजे दक्षिण चीनमधलं ग्वांगजौ, ज्याला आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांनी कँटन म्हणून ओळखलं. १७५७ साली चिंग बादशाहीने पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार या एकाच बंदरावर आणून ठेवला आणि १८४२ पर्यंत तो तिथेच राहिला. चहा, रेशीम, चिनी माती बाहेर जायची. आत यायचा हिंदुस्थानचा कापूस आणि माळव्याची अफू. मुंबईचे पारशी व्यापारी कँटनला जाऊन महिनोन्‌महिने राहत. नवसारीत वाढलेले जमशेटजी जीजीभाई यांची मोठी संपत्ती चीनच्या व्यापारातूनच उभी राहिली, आणि नवसारी नवापूरपासून फार लांब नाही. अफूने चीनचं जे नुकसान केलं ते या संपत्तीच्या गोष्टीत विसरून चालणार नाही. पण त्याच व्यापाराने कँटनमध्ये पैसा, प्रवासी आणि हमाल यांची दाटी केली, आणि दाटी झाली की चहाची दुकानं वाढतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे अनेक मजल्यांची चहागृहं उभी राहिली. १८८० मध्ये सुरू झालेलं ताओ ताओ जू आजही त्या शहरात नावाजलेलं आहे. हाँगकाँगमधलं लुक यू १९३३ चं.

तिथली जुनी रीत होती एक झाकणाचा पेला चहा आणि दोन खाण्याच्या वस्तू. पहाटे कामावर जाणारा माणूस एवढं घेऊन उठायचा. म्हातारी माणसं पक्ष्याचा पिंजरा आणि वर्तमानपत्र घेऊन सकाळभर बसायची. आजही कँटनी माणूस डिमसम खायला जाताना ‘चहा प्यायला जातो’ असंच म्हणतो. खाणं चहाच्या सोबतीला आहे, उलट नाही. हे एकदा डोक्यात बसलं की या जेवणाचा वेग समजतो. पदार्थ येत राहतात, चहा ओतला जात राहतो, बोलणं चालू राहतं. घाई केली तर त्यातलं काहीच हाती लागत नाही.

चहाच्या बाबतीत नंदुरबारचा चीनशी धागा आणखी जुना आहे. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचं मोठं बंदर होतं आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नंदुरबारवरून जात असे. आसाममधला चहा इंग्रजांच्या हाती लागायला अजून दीडशे वर्षं होती, पण सुरतेत चिनी चहा पोहोचलेला होता. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेत आला. तिथले वाणी लोक चहात गरम मसाले, खडीसाखर किंवा लिंबू घालून पितात आणि तो डोकेदुखी-पोटदुखीवर घेतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे त्याने चहावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. वाण्यांच्या त्या चहात दूध नव्हतं, मसाला मात्र होता. आपल्या आजच्या मसाला चहाचा आरंभ शोधायचा तर सुरतेच्या त्या पेढ्यांकडे पाहावं लागतं.

डिमसमबरोबरचा चहा मात्र कोराच असतो, दूध-साखर काही नाही. बहुतेक ठिकाणी चमेलीच्या फुलांचा वास दिलेला हिरवा चहा, अर्धवट आंबवलेला उलाँग आणि युनान प्रांताचा गडद, मातकट वासाचा पुएर यांतून निवड करता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने चमेलीचा घ्यावा. तळलेलं जास्त मागवलं असेल तर पुएर, कारण तो तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतो. किटली रिकामी झाली की तिचं झाकण तिरकं ठेवायचं. वेटरला न बोलावता कळतं की गरम पाणी हवं आहे. आधी दुसऱ्यांच्या पेल्यात ओतायचं, वडीलधाऱ्यांपासून, आणि मग स्वतःच्या. आपल्या पेल्यात कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची. चीनचा चिएनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने सेवकाला चहा ओतून दिला, ओळख फुटू नये म्हणून सेवकाला दंडवत घालता येईना, तेव्हा त्याने बोटांनीच गुडघे टेकले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, बोलणं न तोडता आभार मानायची ही रीत फार देखणी आहे.

आता वाफेकडे वळू, कारण सगळं तिच्यावर उभं आहे.

एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरून शंभरावर न्यायला १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच शंभर अंशाच्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफ थंड पदार्थावर आदळून पुन्हा पाणी होते तेव्हा ही सगळी उष्णता ती त्या पदार्थाला देऊन टाकते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल जातो, आणि म्हणूनच हार गाउ पाच-सहा मिनिटांत शिजतं. वाफ पदार्थाला हलवत नाही, घुसळत नाही. नाजूक आवरण जिथे ठेवलं तिथेच, त्याच आकारात पक्कं होतं. तेलात तळताना कडा खरपूस होतात, मसाला चढतो, थोडंफार शिळं सारणही खपून जातं. वाफेत काहीच लपत नाही. कोळंबी ताजी नसेल तर पहिल्या घासाला कळतं. मला वाफवलेलं अन्न सगळ्यात प्रामाणिक वाटतं ते यामुळे.

खानदेशाला हे नव्याने सांगायला नको. कढी-फुणके हा इथला खास बेत. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून मुठीत दाबून लांबट गोळे करायचे आणि वाफवायचे. गरम फुणका कुस्करून वर कढी आणि तेलाची धार. इथे पारी नाही, सारण नाही. डाळीतलं प्रथिन उष्णतेने घट्ट होतं आणि तेच गोळ्याला बांधून ठेवतं. जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा या बेताची मूळ वस्तूही घरचीच. फुणके करणाऱ्या बाईला विचारलं तर ती सांगेल की डाळ फार बारीक वाटली तर फुणका दगड होतो, कारण मधून वाफ फिरायला जागा राहत नाही. कँटनचा स्वयंपाकी मांसाचं सारण यंत्रात न वाटता सुरीने तोडतो त्यामागे हाच विचार आहे. सिउ माइ या वरून उघड्या, पिवळ्या पारीच्या डिमसममध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे दाताला जाणवले पाहिजेत, त्यांचा लगदा झालेला नसावा.

बांबूची टोपली शोभेची नाही. स्टीलच्या झाकणाखाली वाफेचं पाणी होतं आणि थेंब पदार्थावर पडतात, पारी चिकट होते. ढोकळा किंवा मोदक करताना झाकणाला फडकं बांधतात ते याचसाठी. बांबूचं विणलेलं झाकण पाणी शोषतं आणि जादा वाफ बाहेर सोडतं. शिवाय टोपल्या एकावर एक रचता येतात, खालच्या पाण्यावर आठ-दहा थर शिजतात, आणि तीच टोपली टेबलावर येते. त्यामुळे पदार्थ भांडं बदलत नाही आणि गरम राहतो. बुफेच्या टेबलावर तासभर ठेवलेले डिमसम खाऊन कुणी या प्रकाराबद्दल मत बनवू नये. पारी पाच-दहा मिनिटांत सुकायला लागते. जिथे मागणीनुसार वाफवून देतात तिथेच जावं.

नंदुरबारच्या रस्त्यावर ‘चायनीज’ नवीन नाही. संध्याकाळी गाड्यांवर कढया तापतात, मंचुरियन, हक्का नूडल्स, ट्रिपल राईस मिळतो. ते खाणं चीनमधून आलेलं नाही, ते भारतातल्या चिनी माणसांनी भारतीय जिभेसाठी घडवलं. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कोंबडीचे तळलेले तुकडे आलं-लसूण-मिरची आणि सोया सॉसमध्ये घोळले आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं, असं ते सांगत. हक्का हे नाव एका चिनी समाजाचं. त्यांतल्या अनेकांनी कलकत्त्याच्या टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने आणि पुढे खानावळी उभारल्या. मंचुरियन हा आपला पदार्थ आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असाच आहे. पण डिमसम त्या कढईतून आलेलं नाही.

महाराष्ट्रात कँटनी माणसं मुंबईच्या गोदीमार्गे आली. खलाशी, सुतार, जहाजावरचे फिटर. माझगावात नवाब टँकजवळ त्यांनी १९१९ मध्ये सी यिप कून हे देऊळ बांधलं. सी यिप म्हणजे ग्वांगदोंगमधले चार तालुके, जिथून ही माणसं आली. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर क्वान कुंग या योद्धा देवाची लाल-सोनेरी मूर्ती आहे. कुलाब्यात लिंग कुटुंबाचं नानकिंग हे हॉटेल कित्येक मुंबईकरांचं पहिलं चिनी जेवण ठरलं. त्याच घराण्याचं लिंग्ज पॅव्हिलियन पुढे नावारूपाला आलं. १९६२ च्या युद्धाने या समाजावर घाला घातला. देशभरातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं, त्यांतले बहुतेक ईशान्येकडचे आणि बंगालचे होते. मुंबईतलीही कितीतरी घरं देश सोडून गेली. ज्यांच्या हाताला चुण्या घालता येत होत्या अशी माणसं आपण संशयापायी गमावली. मोठ्या शहरांत आज डिमसमचं जेवण महाग आणि दुर्मीळ वाटतं, त्याला हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

भारतात चिनी न्याहारी साध्या माणसाच्या खिशाला परवडेल अशी अजूनही जिवंत आहे ती कलकत्त्याच्या टिरेट्टा बाजारात. रविवारी पहाटे रस्त्याच्या कडेला टोपल्या लागतात, सिउ माइ, बाउ म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, माशाच्या गोळ्यांचं सूप, आणि ऊन चढायच्या आत सगळं संपतं. नंदुरबारहून तिथे जायला गाडीही बदलावी लागत नाही. अहमदाबाद-हावडा एक्सप्रेस सुरतेवरून नंदुरबारमार्गेच जाते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये लंडनच्या यावाचा या डिमसमगृहाची शाखा आली. डिमसमच्या पूर्ण जेवणासाठी मोठं शहर लागतंच. रोज पहाटे वीस-पंचवीस प्रकारची सारणं ताजी करायची, पाऱ्या करणारे, वाफवणारे, तळणारे वेगवेगळे हात ठेवायचे, तर तेवढं गिऱ्हाईकही हवं.

भारतातल्या डिमसमच्या यादीत डुकराच्या मांसाची जागा बहुतेक ठिकाणी कोंबडीने घेतली आहे, आणि कोंबडी म्हटलं की नवापूरचं नाव निघतं. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, तालुक्याचा मोठा धंदा काही आठवड्यांत आडवा झाला, आणि २०२१ मध्ये ते संकट पुन्हा आलं. या विषाणूचा, एच-५-एन-१ चा, मूळपुरुष १९९६ मध्ये ग्वांगदोंग प्रांतातल्या एका हंसात सापडला होता. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठलं आणि सहा जण दगावले. डिमसमचं माहेर आणि नवापूर यांच्यात असाही दुवा आहे. पाखरांच्या थव्यांना आणि व्यापाराच्या वाटांना देशांच्या सीमा कळत नाहीत. त्या काळात लोकांनी भीतीने कोंबडी सोडली, पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट होता: मांस आतपर्यंत ७० अंशांवर तापलं की विषाणू मरतो. व्यवस्थित वाफवलेल्या टोपलीतलं तापमान त्याच्या बरंच वर जातं. कोंबडीचं डिमसम मधून तोडून पाहावं. आत गुलाबी, कच्चट दिसलं तर निःसंकोच परत पाठवावं.

शाकाहारी माणसाने आधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पारीच्या पिठात चरबी घातली आहे का, भाज्यांवर ऑयस्टर सॉस आहे का, मुळ्याच्या वडीत सुकी कोळंबी आहे का. ही वडी, लो बाक गो, मूळ रूपात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज घालूनच करतात. किसलेला मुळा तांदळाच्या पिठात शिजवून थापतात, थंड करून काप करतात आणि तव्यावर खरपूस भाजतात. कोथिंबीर वडी करणाऱ्याला तिची कृती लगेच उमजेल. शाकाहारी मिळाली तर सोडू नये. अळंबी, टोफू, पालक, मक्याची डिमसम बहुतेक भारतीय हॉटेलांत असतातच. जैन कुटुंबांना कांदा-लसणाशिवायचं करून देणारी हॉटेलंही आहेत, फक्त आधी सांगावं लागतं.

आणि मिरची. नंदुरबारच्या माणसाला हे सांगणं जिकिरीचं आहे, कारण हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर नजर पोहोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि इथला बाजार देशातल्या मोठ्या मिरची बाजारांत गणला जातो. मिरची चीनमध्येही अमेरिकेतूनच गेली, आपल्याकडे आली तशीच. तिचा पहिला चिनी उल्लेख १५९१ मधला आहे आणि तो शोभेचं झाड म्हणून. पुढे हुनान, सिचुआन, ग्वेजौ या डोंगराळ, गरीब प्रांतांनी तिला जिवाभावाने स्वीकारलं. ग्वेजौत मीठ परवडत नसे, तेव्हा लोक मिरचीवर जेवण ढकलत. समुद्रकाठच्या श्रीमंत ग्वांगदोंगला ताजे मासे आणि मीठ मिळत होतं, त्यामुळे तिथे मिरची मागेच राहिली. कँटनी जिभेला मूळ वस्तूची चव हवी असते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रत्येक प्रकाराचा पहिला तुकडा कोरा खा. कोळंबीचा गोडवा, तिळाच्या तेलाचा वास, बांबूच्या कोंबाचा कुरकुरीतपणा जिभेला कळू दे. दुसऱ्या तुकड्याला मिरचीचं तेल लावा, हवं तेवढं. पहिल्यापासूनच लाल चटणीत बुडवलं तर कोळंबी, कोंबडी, कोबी सगळं सारखंच लागेल.

मागवायचा क्रमही थोडा पाळावा. आधी हलकं वाफवलेलं: हार गाउ, सिउ माइ. मग चेउंग फन, तांदळाच्या पातळ, ओल्या पापडीत सारण गुंडाळून वर सोया सॉस ओततात ते. मग बाउ. त्यातला चार सिउ बाउ, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण भरलेला, पांढरा, वरून फुललेला, भेगा पडलेला असतो आणि तो हातानेच तोडून खातात. त्यानंतर मुळ्याची वडी, स्प्रिंग रोल यांसारखं भाजलेलं-तळलेलं. कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट तांदूळ शेवटाकडे, कारण तो पोट भरून टाकतो. काही हॉटेलांत याच यादीत शाओलुंगबाउ असतात, आत सूप असलेले. ते कँटनचे नाहीत, शांघायकडचे. हाडांचा घट्ट जेलीसारखा रस्सा सारणात मिसळतात आणि वाफेत तो वितळतो. एकदम तोंडात टाकला तर टाळू भाजते. चमच्यात घेऊन कडेला लहानसं भोक पाडायचं, रस्सा पिऊन घ्यायचा आणि मग उरलेलं खायचं.

एका टोपलीत तीन किंवा चार नग असतात. त्यामुळे चौघांनी जाणं सगळ्यात सोयीचं. दोघं गेलात तर चार-पाच प्रकारांतच पोट भरतं, आणि आठ जण असाल तर प्रत्येक टोपली दोनदा मागवावी लागते. सगळं एका दमात मागवू नये. दोन-तीन टोपल्या संपल्या की पुढच्या सांगाव्यात, म्हणजे प्रत्येक गोष्ट वाफाळती येईल. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागावा, त्यात कमीपणा नाही. मात्र हार गाउत काटा खुपसू नये. पारी फाटते, आतलं पाणी वाहून जातं आणि त्या पाण्यातच निम्मी चव असते.

गोडात दान तात मागवा. हा अंड्याचा लहान कस्टर्ड टार्ट १९२० च्या दशकात ग्वांगजौच्या दुकानांत रुळला, आणि त्यात पाश्चात्त्य बेकरीचा हात सरळ दिसतो. भट्टीतून आल्याआल्या खायचा. अंडं चालत नसेल तर तिळात घोळून तळलेले, आत गोड सारण भरलेले चिकट तांदळाचे गोळे घ्यावेत.

उरलेलं बांधून आणलं तर फ्रिजमध्ये पारी कडक आणि पांढुरकी होते. फुगलेल्या पिष्टाचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी बाहेर ढकलतात, शिळा भात कडक होतो तो याच कारणाने. मायक्रोवेव्हमध्ये घातलं तर कडा चामड्यासारख्या होतात. इडलीपात्रात कोबीचं पान अंथरून, पाणी उकळल्यावर, चार-पाच मिनिटं वाफ द्यावी. रेणूंची पकड सुटते आणि हार गाउतून सारणाचा रंग पुन्हा दिसायला लागतो. हे एकदाच करता येतं. दुसऱ्यांदा तापवलं की कोळंबी रबर होते, म्हणून जेवढं खायचं तेवढंच वाफवावं.